भरदुपारी सांगितलेली गोष्ट

माझ्या एका कथेवर आयुष्यभर दोन आरोप होत आले, आणि ते करणाऱ्यांची एकमेकांशी ओळखदेखील नाही. धुळ्याकडचे विद्वान म्हणतात, ही कथा मी एका जपानी परीकथेवरून उचलली आणि शेवट तेवढा पदरचा चिकटवला. माझ्या सासरचे, म्हणजे रनाळ्याचे लोक म्हणतात, ही गोष्ट मी दिवसाढवळ्या सांगितली, म्हणून माझा मेहुणा ब्रह्मदेशातून परतताना वाट चुकला. पहिल्यांना गोष्ट कशी सापडते हे कळत नाही आणि दुसऱ्यांना त्या दुपारी काय घडले हे ठाऊक नाही. दोघांनाही उत्तर देण्याइतका मी अजून धड आहे.

आधी त्या जपानी पुस्तकाविषयी, कारण विद्वानांचा सारा डोलारा त्याच्यावरच उभा आहे. युद्धापूर्वी मी नंदुरबारच्या एका कापसाच्या जिनमध्ये कारकून होतो. खानदेशची रुई तेव्हा मुंबईमार्गे जपानला जाई आणि हंगामात एक जपानी खरेदीदार आमच्याकडे येऊन बसे. बुटका, अबोल माणूस. रुईचा पुंजका दोन्ही अंगठ्यांत धरून तो हळूच ओढी, तुटलेले तंतू उजेडाकडे धरी आणि मान हलवी. ती मान होकाराची की नकाराची, हे आमच्या शेठजींना शेवटपर्यंत उमगले नाही. माझी मुलगी तेव्हा लहान होती. आईबरोबर माझा डबा घेऊन आली की रुईच्या ढिगाशी बसून ती त्या गृहस्थाची हुबेहूब नक्कल करी. एकदा त्याने ती पाहिली. शेठजी तिला दटावायला उठले. जपानी मात्र पोट धरून हसला. शेवटच्या हंगामात निघताना त्याने तिच्यासाठी म्हणून माझ्या टेबलावर एक पुस्तक ठेवले. इंग्रजीत उतरवलेल्या जपानी परीकथा होत्या त्या, कापडासारख्या मऊ, सुरकुतलेल्या कागदावर छापलेल्या, पानोपानी रंगीत चित्रे असलेल्या.

मला कथा लिहिण्याचे वेड होते आणि माझ्या कथा मासिकांकडून नेमाने परत येत. त्या काळी आमच्याकडे गोष्ट म्हटली की शेवटी तात्पर्य ठरलेले. जणू कीर्तनकाराला बिदागी दिल्याशिवाय कुणाला उठताच येत नसे. या पुस्तकात तात्पर्य नव्हते. म्हातारी नदीवर धुणे धुवायला जाते आणि वरून एक प्रचंड फळ वाहत येते. म्हातारा वठलेल्या झाडावर राख उधळतो आणि झाड मोहरते. सारसासारखा पक्षी बायको होऊन घरी येतो, बंद दाराआड स्वतःची पिसे उपटून कापड विणतो आणि नवऱ्याने फटीतून डोकावताच उडून जातो. एवढेच. कुणाचे चुकले, ते कुणी सांगत नाही.

यातले मी काय घेतले? विद्वान म्हणतात, सगळे. आता ऐका. प्रकाशा गावाजवळ तापीच्या वाळूत उन्हाळ्यात डांगराच्या, म्हणजे खरबुजांच्या, वाड्या लागतात. ते वाहत आलेले फळ वाचताना माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हा, की ते कुणाच्या वाडीतून सुटले असेल? जपानी गोष्टीत हे कुणी विचारत नाही. माझी डांगराची कथा, जिच्यावर आरोप आहे ती नव्हे, त्या प्रश्नापासून निघाली. फळ सापडलेल्यांची गोष्ट जपानची. ज्याचे फळ वाहून गेले त्याची गोष्ट माझी. परक्या गोष्टीत शिरायला मी नेहमी अशी एक फट शोधली, आणि तिच्यातून आत गेल्यावर मला सापडली ती आमचीच माणसे. याला चोरी म्हणायचे, तर नदीवरून पाणी आणणारी प्रत्येक बाई चोर ठरेल.

पुस्तकातल्या एकाच गोष्टीत मला फट सापडली नव्हती. एक कोळी समुद्राखालच्या महालात जातो, तिथे थोडे दिवस राहिलो असे त्याला वाटते, आणि परत येतो तेव्हा गावात कित्येक पिढ्या उलटलेल्या असतात. घर नाही, माणसे नाहीत, ओळखणारे कुणी नाही. उघडू नको म्हणून दिलेली एक पेटी असते, तीही तो शेवटी उघडतो आणि जागच्या जागी म्हातारा होऊन संपतो. ती वाचून मी पुस्तक मिटले. मुलीलाही ती कधी सांगितली नाही.

मग जपान युद्धात उतरला. माझ्या पत्नीचा एकुलता एक भाऊ रंगूनला एका तांदळाच्या पेढीवर मुनीम होता. रंगूनवर बॉम्ब पडल्याचे कळले आणि त्याची पत्रे थांबली. माणसे डोंगर-जंगल तुडवीत पायी हिंदुस्थानकडे निघाल्याच्या बातम्या येऊ लागल्या. त्याच दिवसांत माझ्या मुलीला मुदतीचा ताप आला.

आमचे भाड्याचे घर मिरच्या वाळत घालण्याच्या पथाऱ्यांपासून जवळ होते. हंगाम ऐन भरात, मैदाने लालभडक झालेली, आणि वारा फिरला की अख्ख्या गल्लीला ठसका लागे. पोर मात्र खोकण्याइतकीही शुद्धीवर नसे. संध्याकाळी ताप चढे आणि ती आम्हाला ओळखेनाशी होई. सकाळी तो थोडा उतरे, तो दुपार कलेपर्यंत. तेवढ्यातच पोटात काही गेले तर जाई. दवाखान्याचे डॉक्टर म्हणाले, "ग्लानीत जाऊ देऊ नका. बोलत ठेवा. तोंड उघडलं की चमचाभर पेज घाला. दुसरं औषध माझ्याजवळ नाही."

बोलण्याने ती तोंड उघडेना. गोष्टीने उघडू लागली. आमच्याकडे गोष्ट ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा असतो. हुंकार थांबला की सांगणाऱ्याने थांबायचे. हे तिच्या इतके अंगवळणी पडलेले होते की डोळे मिटलेले असतानाही माझे वाक्य संपले की तिचे ओठ "हूं" म्हणायला विलग होत, आणि तेवढ्या फटीत माझी पत्नी पेजेचा चमचा रिता करी. वाक्य, हुंकार, चमचा. माझ्या वाक्यांना आयुष्यात त्याहून मोठा मान कधी मिळालेला नाही, आणि तसा पुन्हा मिळू नये.

आता दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, हे कुठल्या मराठी घरात ठाऊक नाही? बहुतेक घरांत तो पोरांना गप्प बसवण्याचा उपाय असतो. पण ज्या घरातला मामा खरोखर जंगलात चालत असेल, तिथे ते वाक्य कसे ऐकू येते, याची कल्पना ज्यांनी मला नंतर नावे ठेवली त्यांनी करून पाहावी.

सासूबाई रनाळ्याहून नातीच्या शुश्रूषेला आल्या होत्या. पहिल्याच सकाळी त्यांनी आपल्या आंडोराच्या, म्हणजे मुलाच्या, काळजीने मला अडवले. "जवाई, दिवसले गोठ सांगस का कोनी? मन्हा आंडोर तठे रानमा चाली ऱ्हायना."

मी म्हणालो, "आई, पोर तोंड उघडस ते हुंकारपुरतंच. तोंड नही उघडं, तं पेज पोटमा कशी जाई?"

"पेज पाजाले गोठ लागस का? आमन्या पोरी काय गोठवर वाढन्यात?"

"मंग तुम्हीच पाजी देखा."

त्यांनी पाजून पाहिले. पेज गालावरून उशीवर ओघळली. त्या उठून बाहेर गेल्या आणि दाराकडे पाठ करून बसल्या. माझी पत्नी इतका वेळ हातात चमचा धरून उभी होती. एका बाजूला तिची मुलगी, एका बाजूला भाऊ, आणि मधे माझे तोंड. शेवटी ती हळूच म्हणाली, "सांगा. पन त्या गोठमा वाट नको."

"म्हणजे?"

"कोनी कोठे जावाव नही. घरमाच ऱ्हावो सगळा."

लेखक म्हणवणाऱ्या प्रत्येकाने हा नेम एकदा तरी पाळून पाहावा. जगातल्या गोष्टींत कुणीतरी कुठेतरी जातेच. राजपुत्र शिकारीला निघतो, सावकाराचा मुलगा परदेशी जातो, कोल्हासुद्धा द्राक्षांपाशी जातो. माझ्या साऱ्या देशी गोष्टी एका फटक्यात बाद झाल्या. तेव्हा मी ते जपानी पुस्तक काढले, कारण त्यातले म्हातारे आणि म्हाताऱ्या बहुधा अंगणापलीकडे हलत नाहीत. राख उधळणारा म्हातारा मी आमच्या दारातल्या निंबावर चढवला. सारसबायको आतल्या खोलीत बसून विणू लागली आणि तिचे उडून जाणे मी गाळले. धुणे धुणारी म्हातारी नदीवर जाते म्हटल्याबरोबर पत्नीचा चमचा हवेत थांबला. मी घाईने म्हणालो, "नदीवरून तिचं घर दिसत होतं." चमचा खाली आला. अशी मी एकेक गोष्ट चित्रावरून, कडेच्या फुलावरून, मांजराच्या शेपटीवरून ओढून काढली. जपानी कथांतून कल्पना कशा सुचल्या, असे मला सभांमधून कौतुकाने विचारतात. अशा सुचल्या. पोर मरणाच्या दारात आणि बायकोची नजर माझ्या ओठांवर, अशा.

रंगून पडल्याची बातमी बाजारातून आमच्या गल्लीत आली त्या दिवशी मी जिनमध्ये हजेरी लावायला गेलो होतो. परतलो तेव्हा घरात कापड जळाल्याचा वास होता. सासूबाई चुलीपुढे बसल्या होत्या. तो मऊ कागद धड पेटत नव्हता. पाने आकसत होती आणि चित्रांतले निळे रंग हिरवे होऊन जात होते.

"जपाननी पोथी घरमा ठेवशात, तं मन्हा आंडोर घर कसा येई?" त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो.

"मूळ प्रत दाखवा," असे विद्वान मला बजावतात, त्यांना ती चूल दाखवायची होती. पण ती चूलही आता राहिलेली नाही.

पुस्तक गेल्यावर मी सांगितलेल्याच गोष्टी फिरवून सांगू लागलो. पोरीला त्या पाठ झाल्या होत्या. पुढचे वाक्य ठाऊक असले की हुंकार कशाला द्यायचा? तिचे ओठ उघडेनासे झाले. डॉक्टर सकाळी येऊन गेले आणि जाताना म्हणाले, आता देवाचे नाव घ्या. सासूबाई देवळात जाऊन बसल्या. दुपार झाली. पेज वाटीत साय धरू लागली. माझ्याजवळ न सांगितलेली एकच गोष्ट उरली होती, आणि तिच्यात वाटेशिवाय दुसरे काहीच नव्हते.

मी सुरू केली. कोळी समुद्राखाली गेला. "हूं." चमचा. महालात राहिला. "हूं." चमचा. मग त्याला घरची आठवण आली आणि तो परत निघाला, असे म्हणताना मी पत्नीकडे पाहिले. ती पोरीच्या ओठांकडे पाहत होती. चमचा थांबला नाही. कोळी किनाऱ्याला लागला. ओळखीची टेकडी दिसली. टेकडी ओलांडून तो आला, आणि पाहतो तर घराच्या जागी घर नव्हते.

तिथे माझा आवाज गेला. पुढे काय आहे, ते मला माहीत होते. वाटेवर असलेल्या भावाची बहीण समोर बसलेली असताना ते सांगायला जे धैर्य लागते, ते माझ्यात नव्हते. घरात फक्त पथाऱ्यांकडून येणारा बायकांचा गलका ऐकू येत होता. आणि पोर डोळे न उघडता म्हणाली, "मंग?"

कित्येक दिवसांत तिने उच्चारलेला तो पहिला शब्द. तिने पुन्हा विचारले नसते. ओठ मिटत चालले होते, ते मला दिसत होते.

"मंग काय," माझी पत्नी म्हणाली, "तो चालना."

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. माझ्याकडे न पाहता ती सांगत होती, आणि चमचा आपोआप भरत होती. "घर नही दिसनं तं काय व्हयनं? पाय शेतस ना! चालता चालता डोंगर उना. डोंगर उतरना, तं नदी उनी. तेनी इचारं, तापी तूच का वं? नदी म्हने, मी तापी नही, पन तापी मन्ही मावशी शे. असाच चाल."

"हूं."

"मंग आखो चालना. दुसरी नदी उनी. ती म्हने, मी गोमाई. आते थोडंच ऱ्हायनं."

"हूं."

"मंग वारा उना. वारामा मिरच्यासना वास. त्याले असा ठसका लागना, असा ठसका लागना, का डोयामा पानी. तो म्हने, उनं व माय, उनं मन्हं गाव!"

पोरीच्या ओठाचा एक कोपरा हलला. ते हसू होते. त्याविषयी मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

"दार उघडंच व्हतं. बहीण दारमा उभी. तिनी त्याले वळखं नही. दाढी वाढेल, पाय सुजेल. तो म्हने, बाई, पानी दे."

हुंकार आला नाही. पत्नीने कपाळावर हात ठेवला. हाताला घाम लागला. पोर झोपली होती, ग्लानीत नव्हे, घोरत. वाटी रिकामी होती. माझ्या पत्नीने पदराने वाटी पुसली, पुसलेली वाटी पुन्हा पुसली, आणि मग ती भिंतीकडे तोंड करून अशी रडली की आवाज बाहेर येऊ नये म्हणून तिने पदर तोंडात कोंबला. ती काय करून बसली होती, हे तिला पक्के ठाऊक होते. दिवसा गोष्ट, आणि तीही वाटेची. माझा त्या समजुतीवर कधी विश्वास नव्हता. तेव्हा धैर्य कुणाचे, हे वाचणाऱ्यांनी ठरवावे.

पोर उठून बसू लागली. आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, आली. आखाजीला आमच्याकडे भाऊ येऊन बहिणीला माहेरी नेतो. त्या वर्षी भाऊ नव्हता, म्हणून मीच पत्नीला आणि मुलीला घेऊन रनाळ्याला गेलो. तिथे प्रकाशा गावचा एक माणूस भेटायला आला. तो रंगूनहून माझ्या मेहुण्याबरोबर चालत निघाला होता आणि हाडांचा सापळा होऊन एकटाच घरी पोचला होता. ओसरीवर बसून, पाण्याचा तांब्या हातात धरून, तो सासूबाईंना म्हणाला, "भरदुपार व्हती, माय. आम्ही झाडखाल टेकनूत. पानी देखी येस म्हने, आनि उनाच नही. वाट चुकना व्हई."

मी त्याला विचारले, "कोणता दिवस होता?" त्याला सांगता येईना. "वार? तिथी? अमावस्या होऊन गेली होती का?" तो माझ्याकडे वेड्याकडे पाहावे तसा पाहू लागला. जंगलात वार कोण मोजतो? तरी मी विचारीतच राहिलो. मला एवढेच सिद्ध करायचे होते की ती दुपार ही दुपार नव्हती. ते मला अजूनही सिद्ध करता आलेले नाही.

सासूबाई आमच्याकडे वळल्या. त्या दुपारी आमच्या घरातून वाटेची गोष्ट ऐकू आल्याचे शेजारणीने त्यांना केव्हाच सांगितले होते. "वाटनी गोठ कोनी सांगी?"

माझ्या पत्नीने तोंड उघडले.

"मी," मी म्हणालो.

त्यानंतर सासूबाई माझ्या घरचे पाणी प्यायल्या नाहीत. त्यांच्या भाऊबंदांनी माझ्याशी सोयरीक तोडली, लग्नाकार्यांत मला पाहून पोरांना "गप बसा रे, मामा वाट चुकी" असे मुद्दाम मोठ्याने सांगितले. परत येताना बैलगाडीत पत्नी एवढेच म्हणाली, "खोटं काब्र बोलनात?" आणि नाल्याचा उतार लागल्यावर, "आते मोडू नका ते. माय जिती शे तवलोंग." माय गेल्यावर, आता ते खोटे मोडू का, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, मी जिती शे तवलोंग.

ती कथा मी लिहिली आणि ती छापून आली. ती "बाई, पाणी दे" या शब्दांवर संपते. धुळ्याच्या एका विद्वानांनी भर सभेत सांगितले, की मूळ जपानी कथेत पेटी आहे, वार्धक्य आहे, काळाचे तत्त्वज्ञान आहे. लेखकाने ते न पेलवल्यामुळे खानदेशी नद्या आणि मिरच्यांचा ठसका घालून वाचकांना खूश केले, आणि शेवट तर चक्क अपुरा सोडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझी पत्नी बायकांच्या रांगेत बसली होती. तिनेही टाळ्या वाजवल्या. तिला वाटले, सभेत तसे करायचे असते.

गेल्या चैत्रात ती गेली. शेवटच्या आठवड्यात तिचे बोलणे बंद झाले होते. एका दुपारी मी उशाशी बसलो असताना तिने डोळे उघडले आणि अगदी स्पष्ट म्हणाली, "मंग? दिधं का तिनी पानी?"

इतकी वर्षे मला वाटत होते की ती गोष्ट संपली आहे. ऊन उंबऱ्यावर होते. मी सांगू लागलो. बहिणीने तांब्या भरला, म्हणालो. तिने तो त्याच्या हातात दिला. तो प्यायला, आणि पिता पिता तिने त्याला ओळखले. एकेका वाक्यानंतर मी थांबत होतो, जसे थांबायचे असते. हुंकार आला नाही. मी पुढे सांगत राहिलो. नियमाप्रमाणे सांगू नये, तरी सांगत राहिलो.

शेवट अपुरा आहे, असे विद्वानांनी खुशाल लिहावे. ते मला आता मान्य आहे. पण जपानी आहे असे म्हणू नये, आणि माझा आहे असेही म्हणू नये.